ठिणगी आणि तिचे अंतर

परदेशी येऊन स्थिरावलेल्या आपल्या घरांतून मोटारसायकलीकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. घरातील तरुणाला ती हवीहवीशी वाटते आणि त्याच्या आईला ती नकोशी वाटते. या वादात पडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु वाहन एकदा दारी आले आणि मुलगा पहाटेच्या पाळीला अथवा मुलगी रात्रीच्या शुश्रूषेच्या कामाला त्यावरूनच जाऊ लागली, की ते आडरस्त्यात बंद पडू नये, अशी इच्छा उभय पक्षांची असते. गाडी ओढून नेण्याचा खर्च आणि कारागिराची मजुरी परक्या देशात किती जड जाते, हे नव्याने संसार मांडणाऱ्यांस सांगावयास नको.

इंजिन बंद पडण्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक कारण मात्र असे आहे की, त्याची किंमत थोडी, त्याचे काम मोठे आणि त्याकडे लक्ष सर्वांत कमी. ते म्हणजे स्पार्क प्लग. बोटभर लांबीची ही वस्तू. कारागीर ती पाच मिनिटांत बदलून देतो, म्हणून आपण तिच्याविषयी काही जाणून घेत नाही. प्लग कसा निवडावा, त्याच्या दोन टोकांतील अंतर, म्हणजेच गॅप, कशी ठेवावी, आणि काढलेला प्लग पाहून इंजिनाची प्रकृती कशी ओळखावी, एवढाच विषय आज आम्ही घेतला आहे. आम्ही शिक्षकी पेशातले, तेव्हा आधी ‘का’ आणि मग ‘कसे’, हा आमचा क्रम वाचकांनी चालवून घ्यावा.

विषयाची मांडणी आयर्लंडच्या अनुषंगाने करण्यास दोन कारणे आहेत. ज्या यंत्राच्या योगाने प्लगात ठिणगी पडते, त्या कॉइलचा जन्म याच देशात झाला, हे पहिले कारण. वर्षभर झिमझिमणारा तेथील पाऊस व गारठा प्लगाची आणि गॅपची जशी परीक्षा घेतो तशी थोड्याच ठिकाणी घेतली जाते, हे दुसरे.

मेनूथचे प्राध्यापक

डब्लिन शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर मेनूथ नावाचे गाव आहे. तेथील सेंट पॅट्रिक्स कॉलेज १७९५ मध्ये स्थापन झाले. कॅथलिक धर्मगुरूंना शिक्षण देणाऱ्या या संस्थेत १८२६ पासून निकोलस कॅलन हे गृहस्थ पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांचा जन्म १७९९ चा, लाऊथ परगण्यातला. हे स्वतः धर्मगुरूच होते. परंतु त्यांचा उरलेला सारा वेळ तळघरातील प्रयोगशाळेत जाई. तारेवर चढविण्याचे तयार आवरण त्या काळी बाजारात मिळत नसे. कॅलन यांनी मेण आणि राळ वितळवून तारा स्वहस्ते लेपल्या आणि लोखंडी गाभ्याभोवती त्यांची वेटोळी गुंडाळली.

१८३६ मध्ये त्यांनी जे यंत्र सिद्ध केले, त्याचे तत्त्व असे. लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे घ्यावयाचे आणि बारीक तारेचे पुष्कळ वेढे घ्यावयाचे. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह सोडावयाचा आणि तो एकदम तोडावयाचा. प्रवाह तुटताच गाभ्यातील चुंबकत्व ओसरते, आणि त्या ओसरण्यामुळे बारीक तारेच्या टोकांशी इतका प्रचंड दाब उत्पन्न होतो की, हवेतून ठिणगी उडी घेते. प्रवाह पुनःपुन्हा झटपट तोडता यावा म्हणून त्यांनी एक फिरते साधनही बनविले. १८३७ मध्ये आपल्या यंत्राची प्रतिकृती त्यांनी लंडनला विल्यम स्टर्जन यांजकडे पाठविली. पुढे त्यांनी केलेल्या अजस्र कॉइलमधून सुमारे १५ इंच लांबीच्या ठिणग्या निघत. विजेचा दाब मोजण्याचे सोयीचे साधन हाताशी नव्हते, म्हणून धक्का किती बसतो हे ते विद्यार्थ्यांवर अजमावीत, आणि पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेला एक विद्यार्थी त्यात बेशुद्ध पडला, अशी कथा मेनूथमध्ये सांगतात. आजच्या पालकांनी असल्या शिक्षकाचे काय केले असते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही!

या शोधाचे श्रेय मात्र दूर निघून गेले. पॅरिसमधील कुशल उपकरणकार रुमकॉर्फ यांनी १८५१ च्या सुमारास अशाच कॉइलची सुधारलेली रचना बाजारात आणली. ती जगभर खपली आणि पाठ्यपुस्तकांतून ‘रुमकॉर्फ कॉइल’ हेच नाव रूढ झाले. १८६४ मध्ये फ्रान्सच्या सम्राटाने रुमकॉर्फ यांना व्होल्टा पारितोषिक दिले. त्याच वर्षीच्या जानेवारीत कॅलन मेनूथ येथे निवर्तले होते. त्यांची उपकरणे महाविद्यालयाने जपून ठेवली, आणि २००६ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आय-ट्रिपल-ईने, १८३६ च्या त्या कार्याची नोंद घेणारा फलक तेथे बसविला. एकशे सत्तर वर्षांनी का होईना, हजेरीपटावर नाव लागले.

मेनूथपासून मोटारसायकलीपर्यंतचा उरलेला मार्ग थोडक्यात असा. १८६० मध्ये लनवार यांनी पॅरिस येथे वायूवर चालणारे इंजिन केले, त्यात कॉइलची ठिणगी योजली होती. १८८८ मध्ये डनलॉप यांनी आयर्लंडमधल्याच बेलफास्ट शहरी हवेचा टायर सिद्ध केला. १९०२ मध्ये जर्मनीतील बॉश यांच्या कारखान्यात होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग तयार केला, आणि मोटारीस व मोटारसायकलीस भरवशाची ठिणगी मिळाली. आज आपल्या मुलाच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक पेटी असो, नाही तर आजोबांच्या जुन्या बुलेटचे पॉइंट असोत, कॉइलमधून ठिणगी काढण्याचे तत्त्व कॅलन यांचेच आहे.

प्लगाचे काम

प्लगात मधोमध एक दांडी असते, तिच्याभोवती चिनी मातीसारखे पांढरे आवरण असते आणि बाहेर आटे पाडलेले लोखंडी कवच असते. कवचाच्या तळापासून एक वाकडी पट्टी निघून दांडीच्या टोकासमोर येते. दांडी आणि पट्टी यांमधील फट हीच गॅप. सिलिंडरमध्ये दाबलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणातून ठिणगीला ही फट ओलांडावी लागते आणि त्यासाठी दहा-वीस हजार व्होल्टचा दाब लागतो. चार फेऱ्यांचे इंजिन मिनिटास ४,००० वेळा फिरत असेल तर प्लगाला मिनिटास २,००० वेळा मिश्रण पेटवावे लागते. म्हणजे तासाभराच्या प्रवासात एक लाख वीस हजार वेळा. त्यांतील थोड्या ठिणग्या चुकल्या, तरी इंजिन ‘मिसिंग’ करू लागते, पेट्रोल वाया जाते, आणि वळणावर वा चढावर गाडी ऐन वेळी दगा देते.

निवड करताना

प्लग निवडताना पहिली गोष्ट मापाची. आट्यांचा व्यास बहुतेक जुन्या गाड्यांत १४ मिलिमीटर असतो. नव्या गाड्यांत १२ अथवा १० मिलिमीटरचे प्लगही येतात. व्यास चुकला तर प्लग बसतच नाही, म्हणून ती चूक सहसा घडत नाही. घातक चूक होते ती आट्यांच्या लांबीत. १४ मिलिमीटर व्यासाचा प्लग १२.७ मिलिमीटर लांबीचा मिळतो आणि १९ मिलिमीटरचाही मिळतो. दोन्ही एकाच भोकात सहज फिरतात. आखूड भोकात लांब प्लग घातला तर तो पिस्टनवर अथवा व्हॉल्व्हवर आदळू शकतो आणि एका किकमध्ये इंजिन खर्चात पडते. लांब भोकात आखूड प्लग घातला तर ठिणगी आतल्या कोनाड्यात पडते, आणि उघड्या राहिलेल्या आट्यांत काजळी भरून पुढे योग्य प्लग जाईनासा होतो. यास्तव नवा प्लग जुन्याच्या शेजारी उभा धरून लांबी पाहावी, आणि जुनाच चुकीचा असण्याचा संभव असल्यामुळे गाडीच्या पुस्तिकेशीही ताडून घ्यावी.

दुसरी गोष्ट उष्णतेची. ‘गरम प्लग’ आणि ‘थंड प्लग’ ही नावे ऐकून पुष्कळांचा गैरसमज होतो. ठिणगी दोहोंची सारखीच असते. फरक असतो तो प्लगाच्या नाकाची उष्णता किती लवकर इंजिनाच्या डोक्यात उतरून जाते, यात. पांढऱ्या आवरणाचे नाक लांब असेल तर उष्णतेचा मार्ग लांबतो, नाक तापलेले राहते. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता झटकन उतरते. हा थंड प्लग. नाकाचे तापमान सुमारे ४५० ते ५०० अंशांच्या वर राहिले, तरच त्यावर बसलेली काजळी जळून जाते. ते ८०० ते ९०० अंशांच्या पलीकडे गेले, तर ठिणगीची वाट न पाहता मिश्रण त्या तप्त नाकावरच पेटते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत पाळी येते. काजळी आणि अकाली पेट या दोन संकटांमधून प्लगाला आपले इंजिन न्यावयाचे असते. अधिक थंड प्लग चुकून लागला तर गाडी कुरकुरेल. अधिक गरम प्लग लागला तर ती आधी काही बोलणार नाही आणि मग एकदमच बसेल. शंका असेल तेव्हा पुस्तिकेतील क्रमांकच घ्यावा, आणि बदल करावयाचाच तर एकेका पायरीने करावा.

तिसरी गोष्ट क्रमांकाची. येथे फसगत होण्याचा संभव सर्वांत मोठा. एनजीके या जपानी प्लगावर ‘बी-पी-आर-६-ई-एस’ अशी अक्षरे असतात. त्यात बी म्हणजे १४ मिलिमीटर व्यास. पी म्हणजे नाक पुढे आलेले. आर म्हणजे आत रोधक बसविलेला. ६ ही उष्णतेची पायरी. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. ई ऐवजी एच असेल तर ती १२.७ असते. एनजीकेचा आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. चॅम्पियन आणि आजचे बॉश यांचा हिशेब नेमका उलटा. तेथे आकडा वाढला की प्लग गरम. मुंबईत ज्यांनी बुलेट वा जावा चालविली, त्यांना बंगळूरच्या मायकोचे प्लग आठवत असतील. १९५१ मध्ये स्थापन झालेली ती कंपनी २००८ पासून बॉश हेच नाव लावते. तिच्या जुन्या प्लगांवर १४५, १७५, २२५ असे आकडे असत, आणि त्यात मात्र मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. तेव्हा एका कंपनीचा ७ म्हणजे दुसऱ्या कंपनीचा ७ नव्हे. दुकानदाराकडे तुलनेचा तक्ता असतो, तो मागून पाहण्यात कमीपणा नाही.

आत रोधक असलेला प्लग रेडिओतील खरखर थांबवतो आणि नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला होणारा उपद्रवही टाळतो. ज्या गाडीस तो सांगितला आहे तीत साधा प्लग घालू नये. इरिडियमचे महाग प्लग अधिक टिकतात, हे खरे. त्यांची मधली दांडी ०.४ अथवा ०.६ मिलिमीटर इतकी बारीक असते व ती सावकाश झिजते. परंतु जे इंजिन तेल पिते, त्यात महाग प्लगही स्वस्ताइतकाच लवकर माखतो. आधी तेलाचा बंदोबस्त, मग इरिडियम.

गॅप

आता मुख्य विषयाकडे वळू. गॅप कमी ठेवली तर ठिणगी सहज पडते, पण ती तोकडी असते; तिच्या आसपास मिश्रण थोडे, म्हणून मंद चालीत इंजिन अडखळते. गॅप अधिक ठेवली तर ठिणगी भरदार, पण ती फट ओलांडण्यास कॉइलला अधिक जोर लावावा लागतो. भर वेगात वा चढावर सिलिंडरमधील दाब वाढतो तेव्हा कॉइल कमी पडते आणि ठिणगी चुकते. क्वचित ती प्लगाबाहेरून, ओल्या टोपीवरून, सोपी वाट शोधते. म्हणून प्रत्येक इंजिनास त्याच्या कॉइलच्या बळाप्रमाणे गॅप ठरवून दिलेली असते. मॅग्नेटो वा पॉइंटच्या जुन्या गाड्यांना बहुधा ०.५ ते ०.६ मिलिमीटर, आणि बॅटरी व इलेक्ट्रॉनिक पेटीच्या गाड्यांना ०.७ ते ०.९ मिलिमीटर. पुस्तिकेतील आकडा हाच अखेरचा शब्द मानावा.

आयर्लंडमध्ये या बाबतीत एक गंमत आहे. आयर्लंडच्या प्रजासत्ताकाने २० जानेवारी २००५ रोजी वेगमर्यादेच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर आणल्या. उत्तर आयर्लंडमध्ये मैल अद्याप चालू आहेत. सीमा ओलांडली की पाटीवरील आकड्याचा अर्थ बदलतो. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या पुस्तिकांचेही तसेच. त्यांत गॅप इंचाच्या हजाराव्या भागात दिलेली असते आणि आपल्या हातातील गेज मिलिमीटरचा असतो. इंचाचा हजारावा भाग म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. या हिशेबाने २० भाग म्हणजे ०.५१, २५ भाग म्हणजे ०.६४, २८ भाग म्हणजे ०.७१ आणि ३५ भाग म्हणजे ०.८९ मिलिमीटर. हा तक्ता कागदावर लिहून हत्यारांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावा.

मोजण्याची रीत अशी. पट्टीच्या गेजपेक्षा गोल तारेचा गेज उत्तम. वापरलेल्या प्लगाच्या वाकड्या पट्टीत ठिणगीने खळगा पडलेला असतो; सपाट गेज त्या खळग्याच्या काठांवर टेकतो आणि खऱ्याहून कमी अंतर दाखवितो. तार खळग्यात उतरते आणि खरे सांगते. नेमलेल्या जाडीची तार फटीतून किंचित घासत जावी. सैल गेली तर गॅप जास्त, अडली तर कमी. वाढवावयाची किंवा कमी करावयाची ती केवळ बाहेरची पट्टी वाकवून. कमी करताना पट्टी लाकडाच्या ठोकळ्यावर हलकेच टेकवावी. वाढविताना गेजला असलेल्या खाचेने ती उचलावी. मधल्या दांडीवर टेकू देऊन कधीही उचकटू नये, कारण त्यामुळे पांढरे आवरण तडकते आणि ती तड डोळ्यांना दिसतही नाही. इरिडियमच्या प्लगाची गॅप स्वतः बदलण्याच्या भरीस पडू नये. ती माप सांगूनच विकत घ्यावी. नवा प्लगही मोजल्याविना बसवू नये, कारण खोका एकदा हातातून पडला की पट्टी दबते. झिजेमुळे गॅप दिवसेंदिवस वाढतच जाते. म्हणून तपासणी एकदाची नव्हे, तर पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरागणिक करावयाची.

बसविताना

प्लग नेहमी थंड इंजिनातून काढावा. अल्युमिनियमचे आटे गरमीत मऊ असतात आणि जोर लावताच निघून येतात. काढण्यापूर्वी भोवतालची माती फुंकून वा ब्रशने झाडावी, नाही तर ती सरळ सिलिंडरमध्ये उतरते. नवा प्लग प्रथम हाताने फिरवीत न्यावा. पाना लावण्याची घाई केली तर आटे तिरपे जातात. हाताने पूर्ण बसल्यावर, नवा वॉशर असेल तर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. वॉशर पूर्वी दबलेला असेल तर फेऱ्याचा सुमारे बारावा भाग. टॉर्कचा पाना असल्यास १४ मिलिमीटरच्या प्लगास अल्युमिनियमच्या डोक्यात २५ ते ३० न्यूटन-मीटर, १० मिलिमीटरच्या नाजूक प्लगास १० ते १२. मुलामा दिलेल्या आट्यांना ग्रीस लावू नये. ते निसरडे होतात आणि नकळत अधिक आवळले जातात. आपल्या वाडवडिलांनी कोकणात तेलाचे घाणे चालविले; बळ कोठे लावावे आणि कोठे आवरावे हे हाताला कळावे लागते, हा धडा त्यांना कोणत्याही पुस्तकाविना ठाऊक होता.

प्लगाचा चेहरा

कंदिलाची काच काळवंडली की वात चढली आहे, हे पूर्वी घरातील लहान मूलही ओळखी. प्लगाचे तसेच आहे. नाक फिकट तपकिरी वा राखी असेल तर इंजिन सुखरूप आहे. कोरडी, मखमली काजळी असेल तर पेट्रोल अधिक जात आहे, चोक ओढलेला राहत आहे, हवेची जाळी तुंबली आहे, किंवा गाडी फारच थोड्या अंतरांसाठी वापरली जात आहे. ओले, तेलकट काळे असेल तर पिस्टनच्या रिंगांतून वा व्हॉल्व्हच्या बाजूने तेल येत आहे; तेथे प्लग बदलणे म्हणजे रोग्याचा अंगरखा बदलणे. नाक पांढरेफटक, फोड आलेले अथवा त्यावर धातूचे कण दिसत असतील तर गाडी त्याच क्षणी थांबवावी. मिश्रणात पेट्रोल कमी आहे, ठिणगीची वेळ चुकली आहे, किंवा प्लग फार गरम जातीचा आहे.

एक सूचना जुन्या अनुभवी मंडळींसाठी. शिसेयुक्त पेट्रोल आयर्लंडमध्ये २००० सालापासून गेले, आणि २०२३ पासून तेथील साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यामुळे आजच्या निरोगी प्लगाचा रंग पूर्वीपेक्षा फिका असतो. वीस-तीस वर्षांपूर्वीची तपकिरी छटा दिसावी म्हणून कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल वाढवीत बसू नये.

ओल, गारठा आणि शर्यती

कोकणातील पाऊस चार महिने कोसळतो आणि मग उघडीप देतो. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर वर्षातील सुमारे १५० दिवस आणि पश्चिमेकडील काही भागांत सुमारे २२५ दिवस पावसाचे असतात. डब्लिनला वर्षाकाठी पडणारे ७५० मिलिमीटर पाणी आपल्या अलिबागकर मंडळींना किरकोळच वाटेल. परंतु ते थेंबाथेंबाने बाराही महिने पडते आणि ओल कधी सुकतच नाही. प्लगाच्या टोपीत ओल शिरली की वीज फटीकडे न जाता आवरणावरून बाहेर सरकते. आवरणावरील कडी ही वाट लांबविण्यासाठीच पाडलेली असतात. ती स्वच्छ फडक्याने पुसून कोरडी ठेवावी. टोपीचे रबर चिरले असेल तर बदलावे. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिल्यास निळसर सरपटती रेघ दिसते; मात्र त्या वेळी तारेस हात लावू नये. शिवाय हिवाळ्यात घरापासून कामापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरांत इंजिन तापतच नाही, प्लगाचे नाक काजळी जाळण्याच्या उष्णतेस पोहोचत नाही. अशा गाडीस आठवड्यातून एकदा तरी अर्ध्या तासाची मोकळी दौड द्यावी.

याच ओल्या, अरुंद रस्त्यांवर मोठे मोटारसायकलस्वार घडले. डब्लिनच्या स्टॅन्ली वुड्स यांनी १९२३ ते १९३९ या काळात आइल ऑफ मॅन येथील टीटी शर्यत दहा वेळा जिंकली; १९३५ ची वरिष्ठ शर्यत तर केवळ चार सेकंदांनी. तीन तासांहून अधिक चाललेल्या शर्यतीत चार सेकंद म्हणजे काय, हे मनाशी मोजून पाहावे. त्या काळी शर्यतीचे इंजिन गरम जातीच्या प्लगावर तापवून घेत आणि सुरुवातीच्या रेषेवर जाण्यापूर्वी थंड जातीचे प्लग बसवीत, कारण शर्यतीचा प्लग संथ चालीत काजळून जाई आणि संथ चालीचा प्लग शर्यतीत इंजिन जाळी. एकाच इंजिनास दोन प्रकृतीचे प्लग का लागतात, याचे याहून सोपे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

उत्तरेकडील बॅलीमनी गावचे जोई डनलॉप यांनी १९७७ ते २००० या अवधीत २६ वेळा टीटी जिंकली. हा विक्रम २०२४ मध्ये त्यांचेच पुतणे मायकल यांनी मोडला. जोई आपल्या गाडीची पुष्कळशी कामे स्वतःच्या हाताने करीत, आणि रुमानिया, अल्बानिया, बॉस्निया येथील अनाथ मुलांसाठी अन्नवस्त्रे स्वतःच्या गाडीतून वाहून नेत. २ जुलै २००० रोजी एस्टोनियातील टॅलिन येथे पावसात चाललेल्या शर्यतीत त्यांचा अंत झाला. रस्ता ओला असेल तेव्हा निष्णातालाही तो माफ करीत नाही. मग आपल्या नवशिक्या मुलांचे यंत्र तरी निर्दोष असावे, एवढे आपण पाहू शकतो.

आपल्या मागच्या पिढीतील किती तरी लोकांनी रेल्वेच्या आणि सरकारी कारखान्यांतून हत्यारे हाताळली. परदेशी आल्यावर मुलांनी पुस्तकी विद्या घ्यावी, या योग्यच आकांक्षेपोटी तो पाना मात्र घरातून हळूहळू नाहीसा झाला. कॅलन यांनी तारेला मेण स्वतः लावले आणि पदार्थविज्ञानही शिकविले; त्यांना या दोहोंत विरोध दिसला नाही. मुलास, आणि मुलीसही, एका रविवारी सकाळी प्लग काढावयास, त्याचा चेहरा वाचावयास आणि गॅप मोजावयास शिकवावे. स्वतःस येत नसेल तर दोघांनी मिळून शिकावे.

गाडीच्या बैठकीखाली पुढील वस्तू कायम असाव्यात: योग्य क्रमांकाचा व गॅप मोजून ठेवलेला एक नवा प्लग, त्याच्या मापाचा पाना, तारेचा गेज, कोरडे फडके आणि लहानशी विजेरी. पाना प्लगाच्या कोनाड्यात जातो की नाही, हे घरीच एकदा लावून पाहावे. रात्री, पावसात, निर्मनुष्य रस्त्यावर ते पाहण्याची वेळ कोणावरही येऊ नये.